मामींनी दुर्बिणीला डोळा लावला

माझ्या सासूला आम्ही दोघी जावा मामी म्हणायचो. माहेरकडून काही नातं असो-नसो, सासूला मामीच म्हणायचं, अशी आमच्या भागातली रीत. गाव मात्र त्यांना ओळखायचं ते त्यांच्या उजव्या हातावरून. कुणाची म्हैस अडली, रेडकू आडवं आलं, व्यायल्यावर वार पडेना झाली, की माणूस पळत आमच्या दारात यायचा आणि मामी थापत असलेली भाकरी तशीच सोडून निघायच्या. कोपरापर्यंत गोडेतेल चोळायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हशीच्या पोटात हात घालून आतली सगळी बातमी बाहेर सांगायच्या. दूध सोसायटीचा जनावरांचा डॉक्टर फटफटीवरून यायचा, तोही म्हैस गाभण आहे की नाही ते आधी मामींना विचारायचा आणि मग स्वतः तपासायचा. दोघांचं उत्तर बहुतेक एकच निघायचं. वेगळं निघालं तर मामी म्हणायच्या, "थांबा, म्हसच सांगंल." आणि दोन महिन्यांनी म्हैस मामींच्याच बाजूने साक्ष द्यायची.

आमचं गाव लोहाऱ्याहून मुरूमकडे जाताना आत वळलं की लागतं. बहात्तरच्या दुष्काळाने या गावाला एक गोष्ट शिकवली होती. आभाळाचा भरवसा धरू नये, म्हशीचा धरावा. दुष्काळ सरल्यावर चार-पाच वर्षांत गावात दूध सोसायटी निघाली आणि पत्र्याच्या शेडपुढे सकाळ-संध्याकाळ किटल्यांची रांग लागायला लागली. उतू गेलेलं दूध, धुतलेला ओला कट्टा आणि दुधाची फॅट तपासायच्या ॲसिडचा उग्र भपका, असा तिथला वास होता. तो वास मला अजून कधीतरी भलत्याच ठिकाणी येतो आणि मी वळून बघते. शेडला आता कुलूप आहे, आणि रांगेतल्या निम्म्याहून जास्त बायका राहिल्या नाहीत. मामीही नाहीत.

मी त्या घरची धाकटी सून आणि त्याच गावच्या शाळेतली मास्तरीण. नवरा साखर कारखान्यात पाळीवर, त्यामुळे हंगामात आठवड्यातून एकदा घरी. थोरल्या जाऊबाईंना चार लेकरं. मला एकही नाही. पण मी जे सांगायला बसले आहे ते लेकरू नसल्याचं नाही, पोट दुखण्याचं आहे. लोकांना या दोन गोष्टी एकच वाटायच्या, आणि मी कितीही सांगितलं तरी वाटतच राहायच्या.

माझं पोट दुखायला लागलं ते दुष्काळातच. मी आठवीत होते. सुट्टीत आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे. सरकारी सुकडी आणि परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी खायचे. पाळी यायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच एक दिवस हातातली हातोडी गळून पडली आणि मी तिथंच खडीवर गुडघे पोटाशी घेऊन पडले. बायका म्हणाल्या, मिलो बाधली. त्या वर्षी कुणाचंही काहीही दुखलं की मिलोवर जायचं. मिलो बंद झाली, पाऊस पडला, घरची ज्वारी आली, तरी दुखणं दर महिन्याला हजर. मग सांगितलं गेलं, लग्न झालं की थांबतं. लग्न झालं. मग सांगितलं, लेकरू झालं की थांबतं. तिथं येऊन माझी गाडी अडकली.

दोन-तीन डॉक्टर करून झाले होते. एकाने दर वेळी इंजेक्शन दिलं. दुसऱ्याने नाडी बघून सांगितलं की बाईंच्या मनाला लागलंय, शिकलेल्या बायकांना होतं असं. मला त्याला विचारायचं होतं की पोटातलं दुखणं मनापर्यंत चढलं कोणत्या जिन्याने. विचारलं नाही, कारण बरोबर मामी होत्या आणि त्यांना डॉक्टरचं म्हणणं पटलेलं दिसत होतं.

आमच्या घरी पाळीत तीन दिवस बाजूला बसायची चाल होती. गोठ्याला लागून एक पडवी होती, तिथं. शाळेत मात्र जायचं. म्हणजे घरी मी माठाला शिवायचं नाही आणि शाळेत गावच्या सगळ्या लेकरांच्या पाट्या तपासायच्या. मामींना हे चांगलं माहीत होतं, पण पगाराला विटाळ नसतो. मला त्या पडवीचा राग नव्हता. उलट शाळेतून आले की तिथं पोत्यावर आडवं होता यायचं, एवढंच सुख. पण तिथंच गणित बिघडायचं. थोरल्या जाऊबाई त्यांच्या तीन दिवसांत अंगण झाडायच्या, शेण काढायच्या, सरपण फोडायच्या. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मामी दोन्ही सुना बघायच्या आणि त्यांचा निकाल ठरलेला होता.

"सोंग हाय," त्या म्हणायच्या.

रागाने नाही म्हणायच्या, हेच जास्त झोंबायचं. आल्या-गेल्याला पाणी देताना सहज माहिती म्हणून सांगायच्या, की थोरली कामाला वाघ, धाकटी हुशार हाय पर महिन्याला तीन दिस सोंग घेती. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, अशी म्हण आहे. माझ्या पैशाबद्दल कुणाला शंका नव्हती, पहिल्या तारखेला तो यायचाच. शंका फक्त पोटाबद्दल. मामींनी नवऱ्याचं दुसरं लग्न कधी तोंडातून काढलं नाही. कुणी काढलं तर त्याला दारातून चहा न देता पाठवायच्या. त्या दुष्ट नव्हत्या, खऱ्या होत्या. म्हणूनच त्यांनी सोंग म्हटलेलं मला सहन व्हायचं नाही. घरात आणि गावात ज्या एका बाईच्या शब्दाला किंमत होती, ती मला खोटारडी समजत होती. लेकरू नसलं तरी चालेल, पण या बाईने एकदा म्हणावं की हिचं दुखणं खरं आहे, एवढं एकच मागणं तेव्हा माझ्या मनात होतं.

आणि त्यात आलं केसचं लचांड. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. पंचायत समितीचं पत्र यायचं की प्रत्येक शिक्षकाने कुटुंबनियोजनाच्या इतक्या इतक्या केस आणायच्या. केस म्हणजे ऑपरेशनला तयार झालेली बाई. त्या वर्षी नवीन प्रकार निघाला होता, दुर्बिणीचं ऑपरेशन. पोट फाडायचं नाही. बेंबीजवळ बारीक छेद, त्यातून नळी, नळीला भिंग, आत बघून काम उरकायचं आणि एक टाका. मी पत्र घेऊन घरोघर हिंडले. वांझ बाई लेकुरवाळ्यांना सांगत हिंडतेय की आता लेकरं बास करा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू यायचं. शेवटी एकच केस मिळाली, ती घरातलीच. थोरल्या जाऊबाईच म्हणाल्या, मला न्या. मामींनी थोडा विचार केला आणि हिशेब सोडवला, "चार येतं झाली. बास की." म्हशीच्या विण्याला आणि सुनेच्या बाळंतपणाला त्यांच्याकडे एकच शब्द होता.

कॅम्प मुरूमला एका शाळेत होता. आम्ही तिघी पहाटेच्या दुधाच्या टेम्पोतून निघालो, कॅनच्या मधल्या जागेत बसून. जाऊबाईंना उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, म्हणून मीही सोबतीने काही खाल्लं नव्हतं. शाळेत पोचलो तर वर्गांमध्ये सतरंज्या अंथरलेल्या, पटांगणात जनरेटर धडधडतोय आणि बायकांच्या हातांवर चिकटपट्टीचे नंबर. माझी पाळी दुसऱ्या दिवशीवर आली होती आणि पोटात आधीच ठणका सुरू झाला होता. मी तो नेहमीसारखा दात आवळून गिळत होते.

दाराशी टेबल टाकून एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. सोलापूरकडच्या. त्यांच्यापुढे एक जाड वही होती. आत ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर वेगळे, वयस्क, घाईतले. या बाई दर दोन-तीन केसनंतर आत जायच्या, दुर्बिणीला डोळा लावायच्या आणि बाहेर येऊन वहीत पेन्सिलने एक गोल काढायच्या. गोलात गर्भपिशवीचं चित्र आणि काही चित्रांत काळे ठिपके. मी केसबरोबर आलेली शिक्षिका, लिहिता-वाचता येणारी, म्हणून त्यांनी मला फॉर्म भरायला बसवून घेतलं.

त्या प्रत्येक बाईला विचारत होत्या, पाळीच्या वेळी वेदना होतात का. आणि प्रत्येक बाई मान हलवून सांगत होती, न्हाय. दहा बायका झाल्या, पंधरा झाल्या, सगळ्या न्हाय. मला राहवलं नाही. मी विचारलं की हे कशाला लिहून घेताय. त्यांनी चांगलं समजावून सांगितलं. त्यांना मोठ्या परीक्षेसाठी प्रबंध लिहायचा होता. पिशवीच्या आतलं जे अस्तर दर महिन्याला गळून जातं, तसलंच काही बायकांच्या पोटात पिशवीच्या बाहेरही रुजतं. तेही दर महिन्याला रक्त सोडतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग ते आतल्या आत साचतं, काळं पडतं, शेजारच्या अवयवांना चिकटवून टाकतं. त्याचं लांबलचक इंग्रजी नाव त्यांनी सांगितलं, एंडोमेट्रिऑसिस, आणि मी ते फॉर्मच्या मागे अक्षर-अक्षर तोडून लिहून घेतलं. पूर्वी हे कळायला पोट फाडावं लागायचं. आता दुर्बीण आली होती, त्यामुळे कॅम्पात इतक्या बायकांच्या पोटात बघायला मिळत होतं. पण त्यांची अडचण अशी होती की आत ठिपके दिसतात आणि बाहेर बाई म्हणते काही दुखत नाही.

"तुम्ही विचारताय ते चुकतंय," मी म्हणाले. मास्तरकीची सवय, दुसरं काय. "दुखतं का म्हणून विचारू नका. त्या दिवसांत कोणतं काम राहतं, ते विचारा."

हे शहाणपण माझं नव्हतं, मामींचं होतं. म्हैस दुखतंय म्हणून सांगत नाही, रवंथ थांबवते, हे त्या सगळ्यांना सांगायच्या. आमच्या बायकांना दुखतं का विचारलं की त्यांच्या डोळ्यांपुढे बाळंतपण येणार, आणि त्याच्यापुढे बाकी सगळं न्हाय. डॉक्टरीणबाईंनी मला पुढच्या बाईला विचारायला सांगितलं. मी विचारलं, त्या दिसात कोणतं काम हुत न्हाय गं. ती लगेच म्हणाली, भाकऱ्या लेक करती, मला चुलीम्होरं बसवत न्हाय. दुसरी म्हणाली, घागर उचलंना. एक मुरूमच्या पलीकडची कानडी बोलणारी बाई होती, तिने नुसता हात कमरेवर ठेवून पाटा-वरवंटा ओढल्यासारखं केलं आणि नको म्हणून मान हलवली. एकीने माझ्या कानाला लागून नवऱ्याजवळ निजण्याचं सांगितलं आणि ते मी डॉक्टरीणबाईंच्या कानात सांगितलं. त्यांची पेन्सिल पळायला लागली. इतक्या बायका महिन्याचे महिने हे घेऊन हिंडत होत्या आणि मला वाटत होतं जगात मी एकटीच आहे. मला त्या दिवशी फार रडू येत होतं, पण फॉर्म भरायचे होते.

मग त्यांनी पेन्सिल थांबवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आणि बाई, तुमचं कोणतं काम राहतं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं की त्या तीन दिवसांत मी फळ्याच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर लिहिते. खालच्या ओळींना वाकता येत नाही. मुलांना वाटतं, बाई फळा पुसायला आळशी.

मूल किती, त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. तेव्हा त्यांनी वही मिटली. त्या म्हणाल्या की मला सगळ्यात जास्त जी बाई बघायला हवी ती या रांगेत कधी येतच नाही. इथे येतात त्या सगळ्या लेकुरवाळ्या. ज्यांचं दुखणं सगळ्यात वाढलेलं असणार, ज्यांना त्यापायी मूल राहत नसणार, त्या टाक्याच्या कॅम्पाला कशाला येतील. त्यांची आख्खी वही त्यामुळे अर्धीच होती. मला एकदम सुचलं ते मी बोलून टाकलं, की मग माझ्या पोटात बघा.

मोठे डॉक्टर ऐकून वैतागलेच. मूल नसलेल्या बाईला या टेबलावर घेतलं तर लोक काय म्हणतील, त्यांनी विचारलं, आणि ते खोटं नव्हतं. गावोगाव आधीच अफवा होत्या की कॅम्पवाले कुणालाही धरून ऑपरेशन करतात. डॉक्टरीणबाईंनी पिच्छा सोडला नाही. शेवटी ते म्हणाले, सगळ्या केस उरकल्यावर, उजेड असेपर्यंत, आणि घरच्या वडीलधाऱ्या माणसाचा अंगठा असेल तर. फक्त बघायचं, दुसरं काही करायचं नाही, असं कागदावर लिहायचं. नवरा कारखान्यावर, चाळीस मैलांवर. वडीलधारं माणूस म्हणजे बाहेर चिंचेखाली बसलेल्या मामी.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, तंबाखूची चिमूट दाढेला धरली आणि म्हणाल्या, "सोंगाला कशाला दुर्बीण?"

माझं डोकं फिरलं. दिवसभराचा उपास, पोटात ठणका आणि वर हे. मी म्हणाले, "बघू द्या त्यांना. आत काही निघालं नाही, तर परत कधी पडवीत आडवी होणार नाही मी. उभ्याने तीन दिवस शेण काढीन."

मी त्यांच्यापुढे एवढं कधी बोलले नव्हते.

"बरं," त्या म्हणाल्या. "पर म्या सोता बघनार. डॉक्टरनीनं सांगितलं म्हनून म्या ऐकायची न्हाय. माझ्या डोळ्यानं बघीन, मगच खरं."

जनावरांच्या डॉक्टरलाही त्या हेच म्हणायच्या. मोठ्या डॉक्टरांना मी घाबरतच हे सांगितलं, तर ते दिवसभरात पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, येऊ द्या म्हातारीला, पण हात मागे बांधून.

खरी भीती मला त्यानंतर वाटली. डॉक्टरीणबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की दुखणं असूनही कधी कधी आत काही दिसत नाही. मग मी काय करणार होते? आधी नुसतं सोंग होतं, आता ते दुर्बिणीने सिद्ध झालेलं सोंग होणार होतं. मी अंगठ्याची शाई वाळताना बघत होते आणि मनात म्हणत होते की देवा, काहीतरी वाईट निघू दे. आपल्याच पोटात रोग निघावा म्हणून नवस बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

ऊन कलल्यावर मला टेबलावर घेतलं. चौथीचा वर्ग होता, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता. दंडात एक इंजेक्शन, बेंबीपाशी एक. डोकं खाली आणि पाय वर असा टेबल कलवला. पोटात हवा भरायला लागले तेव्हा खांद्यापर्यंत कळ गेली. झापड येत होती पण शुद्ध होती. डॉक्टरीणबाई भिंगाला डोळा लावून आत बघत होत्या. मग मोठे डॉक्टर आले, त्यांनी बघितलं. नुसतं हं म्हणाले. त्या हंचा अर्थ लावण्यात माझा जीव अर्धा झाला.

मग मामी आल्या. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, अंगावर डगला, दोन्ही हात मागे एकमेकांत घट्ट धरलेले. ज्या हाताने त्यांना सगळं कळायचं तो आज कामाचा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना वाकायला सांगितलं, एक डोळा मिटायला सांगितलं. मला खालून त्यांची हनुवटी आणि गळ्यातले काळे मणी तेवढे दिसत होते. डॉक्टरीणबाई हळू आवाजात सांगत होत्या की ही पिशवी, हे तिच्यामागचं आतडं, हे काळे-निळे ठिपके असायला नकोत, हे पांढरे धागे असायला नकोत. खालून त्यांनी पिशवी सळईने जरा ढकलून दाखवली. मी ओठ चावला.

मामी बराच वेळ डोळा लावून होत्या. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं तरी त्या उठल्या नाहीत.

"हालंना की," शेवटी त्या म्हणाल्या. "पिशवी हालंना. मागं चिकाटलीया." हे डॉक्टरीणबाईंनी अजून सांगितलं नव्हतं. "म्हशीचं आतून असं असतं, तर ती उभी ऱ्हायली नसती." मग त्यांनी विचारलं, हे किती दिसाचं असंल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दिवसांचं नाही, वर्षांचं आहे, दहा-बारा तरी. मामींनी पुन्हा एकदा भिंगाला डोळा लावला, आणि मग हात तसेच मागे धरून वर्गाबाहेर गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी माझा गोल काढला तो वहीच्या शेवटच्या पानावर. ठिपके इतके होते की त्यांना पेन्सिलला परत टोक करावं लागलं. त्यांनी मला खोटी आशा दाखवली नाही. गोळ्या आहेत, महाग आहेत, सोलापूरहून आणाव्या लागतील, दुखणं कमी होईल, मुळापासून जाईल असं सांगत नाही, आणि मुलाचं तर नाहीच सांगत, असं म्हणाल्या. झालंही तसंच. गोळ्यांनी काही वर्षं बरी काढली, पुढे मोठं ऑपरेशन करावं लागलं, मूल झालं नाही. प्रबंध पुरा झाल्यावर त्यांचं एक पत्र आलं होतं, की तुमचं चित्र नाव न घालता छापलं आहे आणि परीक्षकांनी त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. कोणतं काम राहतं, हा प्रश्नही त्यांनी फॉर्ममध्ये घातला होता. मी ते पत्र शाळेच्या कपाटात ठेवलं आणि बदलीच्या गडबडीत हरवलं. त्याची रुखरुख आजही वाटते. आता पोरी सोनोग्राफीचे फोटो फोनवर दाखवतात, आणि तरीही त्यांना सांगणारं कुणीतरी भेटतंच, लग्न झालं की थांबतं.

पण त्या संध्याकाळी मला या कशाचीच फिकीर नव्हती. मला मामींचा शब्द हवा होता. सतरंजीवर एका बाजूला जाऊबाई, एका बाजूला मी, आणि मध्ये मामी बसलेल्या. त्यांनी जाऊबाईंना चहा पाजला, मला चहा पाजला. जाऊबाईंचं पांघरूण सारखं केलं, माझं केलं. ना खरं म्हणाल्या, ना खोटं. मी वाट बघून बघून चिडले, मग माझा डोळा लागला.

सकाळी दुधाचा टेम्पो रिकामे कॅन घेऊन परत निघाला, त्यात आम्हाला घेतलं. खाली कडबा अंथरला होता. आम्ही दोघी दोन बाजूंना आडव्या आणि मामींच्या एकेका मांडीवर एकेकीचं डोकं. गावात पोचलो तेव्हा सोसायटीपुढे किटल्यांची रांग लागलेली होती, आणि टेम्पो थांबल्याबरोबर सगळ्या बायका मागे गोळा झाल्या. थोरलीचं सगळ्यांना माहीत होतं. पण दुसऱ्या मांडीवर मला बघून त्या चपापल्या. एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी शेजारच्या बाईने सगळ्यांच्या मनातलं विचारलंच, की थोरलीला नेलं ते समजलं, पर धाकटीला काय झालं, तिला तर लेकरू बी न्हाय.

मामींनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. त्यांच्या हाताला तंबाखूचा वास होता. आख्खी रांग ऐकत होती.

"दुखतंय तिला," मामी म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले आणि त्या सगळ्या बायकांदेखत, बारा वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने कण्हले.